पेटी क्रमांक सातमधली साखर

पनवेल, ६ जानेवारी १९९२

श्री. विश्वजीत खारकर यांस,

या पत्राचं कारण एकच. इंग्रजीचा मोठा शब्दकोश सापडत नाही. इचलकरंजीला जाताना तुझ्या सामानात गेला असेल तर तसं कळव. मी परत मागत नाही. कुठे आहे ते कळलं की शोधाशोध थांबेल, एवढंच.

बाकी लिहिण्यासारखं काही नाही. तू गेल्यापासून इथे सगळं उत्तम चाललं आहे. भट्टी चालू आहे, बाराही माणसं कामावर आहेत. कारखान्याची पाटी रंगवायला काढली आहे. ‘खारकर ब्रदर्स’मधलं ‘ब्रदर्स’ ठेवायचं की काढायचं, असं रंगारी विचारत होता. तेवढी जागा मोकळी वाईट दिसेल म्हणून मी राहू दे म्हटलं. तुझी ऑफिसची किल्ली तू टेबलावर टाकून गेलास, तिथेच आहे. उचलायला वेळ झालेला नाही.

डेन्मार्कची ऑर्डर आली. बोटींच्या केबिनच्या दारांना लागणाऱ्या सहा हजार पितळी बिजागऱ्या. ऑक्टोबरात सोरेन्सनसाहेब इथे येऊन ‘सहा आठवड्यांत होईल का’ असं विचारत होते, मी हसून ‘नो प्रॉब्लेम’ म्हणत होतो, आणि तू मधे तोंड घालून माझ्यादेखत, बळीराम मिस्त्रीदेखत, त्या पाहुण्याला ‘नो’ म्हणालास. घरी आलेल्या माणसाला! तरीही ऑर्डर आली, हे माझ्या आदरातिथ्याचं फळ. मुदत किती मिळाली ते तुला सांगायचं काही कारण नाही.

आता शब्दकोश कशाला हवा ते सांगतो. नमुन्याच्या बिजागऱ्या त्यांनी एका सुरेख लाकडी पेटीतून पाठवल्या होत्या. पेटीवर सात नंबर, आत निळं मऊ कापड. सोबत चिठ्ठी, की नमुने ठेवून घ्या आणि पेटी रिकामी परत करा. रिकामी! शेजारणीची वाटीसुद्धा आपल्या घरून कधी रिकामी गेलेली नाही. तुझ्या वहिनीनं मूठभर साखरेची पुडी बांधून आत ठेवली. मीच ठेव म्हटलं होतं. पुडी वाटेत फुटली असावी.

काल त्यांचा फॅक्स आला. हल्ली भावेशच्या एसटीडी बूथवर फॅक्सचं यंत्र आलं आहे. तो येईल तो कागद आधी स्वतः मोठ्यानं वाचतो आणि मग ज्याचा त्याला देतो. त्यामुळे बूथवरच्या सात-आठ माणसांना माझ्याआधी कळलं, की पेटी क्रमांक सातमध्ये चाळीस ग्रॅम पांढरा स्फटिकमय पदार्थ आढळला, प्रयोगशाळेत तो साखर असल्याचं निष्पन्न झालं, तरी त्याचं प्रयोजन कळवावं. उरणचा एक जण म्हणाला, साखर पाठवलीत तर चहाची पावडरही पाठवायची होती.

यावर चार ओळींचं इंग्रजी उत्तर लिहून धाड. माझं इंग्रजी चांगलं आहे हे तुला ठाऊक आहे. वेळ नाही म्हणून सांगतो आहे.

आपला,
प्र. ग. खारकर
(‘खारकर ब्रदर्स’करिता)

ता. क. तू गेलास त्या सकाळी तुझ्या सुनीतानं नारळाच्या वड्या पाठवल्या होत्या. तो कडीचा डबा इकडेच आहे. तुझी वहिनी म्हणते, परत पाठवायचा तर आत काय घालायचं ते तुम्ही ठरवा. मी अजून ठरवलेलं नाही.


पनवेल, २ फेब्रुवारी १९९२

विश्वजीत,

तुझं पाकीट मिळालं. आत इंग्रजी मजकुराचा कागद, त्यापलीकडे एक अक्षर नाही. पाकीट झटकूनही पाहिलं. असो. शब्दकोश सापडला. तुझी वसुंधरावहिनी लोणच्याच्या बरणीवर दडपण म्हणून वापरत होती. आता त्याच्या पानांना मोहरीचा वास येतो.

तुझा मजकूर वाचला. ‘आमच्याकडे कोणाचं भांडं रिकामं परत करत नाहीत. साखर त्यासाठी होती. दुसरं प्रयोजन नाही.’ बास? धंद्याच्या पत्रात असं लिहितात? त्यांना वाटेल आपण कारखाना चालवतो की हळदीकुंकू करतो. म्हणून मी त्यात किंचित सुधारणा केली. साखर ही दमट हवा शोषून घेण्यासाठी असून पितळ काळं पडू नये म्हणून घातली होती, असं कळवलं. सुशिक्षित माणसाला शास्त्रीय कारण दिलं की तो गप्प बसतो, असा माझा अनुभव आहे.

हे डॅनिश लोक गप्प बसत नाहीत. त्यांनी अकरा प्रश्न पाठवले आहेत. साखरेच्या दाण्याचा आकार काय? पेटीत पितळ नसताना पितळाचं रक्षण का केलं? ही पद्धत तुम्ही किती वर्षं वापरता? आणि सोबत पेटी क्रमांक आठ भरून छोट्या छोट्या पांढऱ्या पुड्या आल्या आहेत. ओल शोषायला साखरेपेक्षा हे बरं, आमच्याकडून भेट, असं लिहिलं आहे. वसुंधरा फार खूश झाली. बघा, त्यांनाही रीत कळते म्हणाली. मग एका पुडीवर ‘खाऊ नये’ असं छापलेलं तिला मी वाचून दाखवलं. तेव्हापासून ती विचारते आहे, की जे खायचं नाही ते लोक दुसऱ्याच्या घरी पाठवतात कशाला? हा बारावा प्रश्न समज. पहिल्या अकरांचीही उत्तरं माझ्याकडे नाहीत.

पण खरी अडचण निराळी आहे. माल फेब्रुवारीअखेर बोटीवर चढायला हवा. मी रोज सकाळी बळीरामला विचारत होतो, वेळेत होईल ना? तो रोज म्हणायचा, “व्हईल ना शेट.” महिनाभर मी निश्चिंत होतो. परवा सहज मागच्या खोलीत जाऊन मोजल्या तर चार हजारसुद्धा झालेल्या नाहीत. भट्टीतली मूस पंधरा दिवसांपूर्वीच फुटली होती. नवी येईपर्यंत आठ दिवस पितळ वितळलंच नाही. मला पत्ता नाही!

मी बळीरामवर खूप ओरडलो. तो शांतपणे हात पुसत उभा होता. मग म्हणाला, “शेट, तुमाला नाय कसा सांगाचा? तुमी तरी त्या गोऱ्याला नाय सांगलाव का? नाय सांगनारा होता तो गेला इचलकरंजीला.”

मी मागच्या खोलीत जाऊन बिजागऱ्या पुन्हा मोजल्या.

तर उशीर होणार हे डेन्मार्कला कसं कळवायचं? मी चार मसुदे केले. एकात हवामानावर ठेवलं, एकात परमेश्वरावर. तिसरा मलाच समजला नाही. चौथ्याच्या शेवटी, लोभ असावा, असं इंग्रजीत कसं लिहायचं ते शोधत बसलो. तू लिहून दे. ही ऑर्डर गेली तर बारा माणसांना काय सांगू, हा विचार डोक्यातून जात नाही.

प्रभाकर


पनवेल, २४ फेब्रुवारी १९९२

चि. विश्वजीत,

तुझ्या दोन ओळी पोचल्या. ‘माल दोन आठवडे उशिरा निघेल. मूस फुटली.’ मी कागद उलटून पाहिला. मागे कोरं. ना नमस्कार, ना दिलगिरी. अशानं आपलं तोंड काळं होणार हे मला स्वच्छ दिसत होतं, पण माझे चार मसुदे आठवले, म्हणून तुझ्याच ओळी भावेशकडे दिल्या. त्यानं मोठ्यानं वाचल्या आणि म्हणाला, “प्रभाकरभाई, इतनाच? बाकीचं पान खाली जाते.” मी म्हटलं, जाऊ दे.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं. ‘कळवल्याबद्दल आभार. बोटीचं आरक्षण पुढे ढकललं आहे.’ एवढंच रे! रागावणं नाही, टोमणा नाही. मी तो कागद शर्टाच्या खिशात ठेवून दोन दिवस हिंडलो. फॅक्सची अक्षरं घामानं उडतात, आता त्या कागदावर फक्त ‘आभार’ उरलं आहे.

बळीरामलाही सांगितलं, की यापुढे नाही होणार असेल तर नाही म्हण, मी ओरडणार नाही. तो म्हणाला, “व्हईल ना शेट.”

एक बातमी आहे. २० मार्चला सोरेन्सनसाहेब स्वतः येताहेत. पुढच्या वर्षीच्या मालाचं बोलायचं आहे. त्यांनी तुझीही चौकशी केली आहे. तुला त्या सुमारास पनवेलकडे काही काम असेल तर येऊन जा. नसेल तरी हरकत नाही. काम काढायचं म्हटलं तर निघतंच. आपट्याच्या मावशी तुझी आठवण काढतात. तहसील कचेरीत तुझा कसलासा दाखला राहिलाय असंही कोणीसं म्हणत होतं. नक्की आठवत नाही.

दादा

ता. क. डबा अजून इकडेच आहे. वसुंधरा तो रोज घासून ठेवते. न वापरलेला डबा रोज का घासायचा, असं मी विचारलं. तिनं तो पुन्हा घासायला घेतला.


पनवेल, ९ मार्च १९९२

चि. विशू,

तुझं पोस्टकार्ड आज आलं. ‘वीस तारखेचं बघतो.’

बघतो?

अरे, सातासमुद्रापलीकडच्या माणसाला पहिल्या भेटीत तोंडावर ‘नो’ म्हणणारा तू, आणि सख्ख्या भावाला ‘बघतो’? हा शब्द मी तीस वर्षं वापरतो आहे. वर्गणीवाल्यांना मी ‘बघतो’ म्हणतो. सोयरिकीला नकार द्यायचा असला की आपले अण्णा ‘बघतो’ म्हणायचे. त्याचा अर्थ मला शिकवू नकोस. वाचल्यावर मला जेवण गेलं नाही. खोटं नाही सांगत. परका माणूस समजून तू मला सभ्यपणे कटवलंस.

मग मनात आलं, की याला खरं सांगितलंय कुठे? गेली तीन पत्रं मी तरी काय केलं? पेटीतल्या साखरेबद्दल दिलं तसलीच उत्तरं दिली. तेव्हा आता जे लपवलं ते लिहितो.

ऑर्डर माझ्या आदरातिथ्यामुळे आलेली नाही. साहेबांनी भेटीचं कळवलं त्या फॅक्समध्ये जे होतं ते असं: ‘आम्ही मुंबईच्या आसपास नऊ कारखाने पाहिले. सगळे होईल म्हणाले. तुमच्याकडे एक गृहस्थ नाही म्हणाले, म्हणून ऑर्डर तुम्हाला दिली. भेटीच्या वेळी ते गृहस्थ हजर असावेत.’ हे भावेशनं मोठ्यानं वाचलं. तुझी चौकशी केली असं मी लिहिलं होतं ती ही चौकशी.

आणि मुदत. बारा आठवडे. तू म्हणाला होतास तेवढीच, एक दिवस कमी-जास्त नाही. ऑर्डरचा कागद आला तेव्हा तो आकडा मी अंगठ्यानं झाकून वसुंधराला दाखवला. ती म्हणाली, अंगठा काढा.

‘एवढं खरं बोलायची हौस असेल तर स्वतःचं दुकान काढ’, असं मी तुला सगळ्या माणसांसमोर म्हणालो. तू दुपारपर्यंत वाट पाहिलीस. मी काही बोलेन असं तुला वाटलं असेल. मी आतल्या खोलीत होतो. बाहेर येणार होतो. बघतो, बघतो असं मनात चाललं होतं, तेवढ्यात किल्ली ठेवल्याचा आवाज आला.

तेव्हा तू येणार नसशील तर ‘नाही’ असं लिही. मी ते सोसेन. पण ‘बघतो’ नको.

दादा


पनवेल, २१ मार्च १९९२

विशू,

तू आला नाहीस. पत्रही नाही. तरी काल सकाळी दहापर्यंत मी रस्त्यावर उभा होतो. न्हावा शेव्याचे ट्रक एकामागून एक जात होते, धुळीनं माझे केस पांढरे झाले. तसे ते आहेतच, पण काल जास्त.

साहेब साडेदहाला आले. टेबलावर त्यांच्यापुढे चहा, माझ्यापुढे चहा, मधे तुझी किल्ली. बसल्याबसल्या विचारलं, भाऊ कुठे आहे? ‘कामानिमित्त बाहेरगावी’ हे वाक्य मी शब्दकोश काढून इंग्रजीत पाठ केलं होतं. तोंडातून आलं ते वेगळंच. म्हटलं, मी त्याला घालवला. तो नाही म्हणाला म्हणून.

साहेबांनी वहीत काहीतरी लिहिलं. मग विचारलं, जूनअखेर दहा हजार बिजागऱ्या मिळतील?

विशू, माझ्या जिभेवर ‘होईल’ येऊन बसलं होतं. पाहुणा समोर, दारात बळीराम, त्याच्या मागे भट्टीवरची दोघं-तिघं. मी किल्लीकडे पाहिलं आणि म्हणालो, “नो.”

काही झालं नाही. छप्पर पडलं नाही. साहेब म्हणाले, मग किती? मी म्हटलं, सात हजार. ते म्हणाले, ठीक, आणि लिहून घेतलं. पन्नास वर्षांत पहिला ‘नाही’, आणि त्याचं कोणाला काही नाही! फक्त बळीराम बाहेर धावला आणि ओरडला, “आरे, शेट नाय बोल्ला!” ते ऐकून भट्टीवरच्या महादेवनं कारखाना बंद पडतो आहे असं समजून डबा-पिशवी आवरली. त्याला परत आणायला अर्धा तास गेला.

एकदा जीभ सुटली म्हटल्यावर साखरेचंही सांगून टाकलं. दमट हवेचं खोटं होतं. भांडं रिकामं पाठवत नाहीत, हे खरं. साहेबांचा चेहरा पडला. त्यांच्या प्रयोगशाळेतल्या बाईंनी आपल्या साखरेवर नऊ पानांचा अहवाल लिहिला आहे म्हणे. मग पेन काढलं आणि विचारलं, साखर किती घालणं योग्य असतं? मी म्हटलं, मूठभर. त्यांनी विचारलं, कोणाची मूठ?

वसुंधराला बोलावलं. तिनं मूठ भरली, कागदावर रिकामी केली, साहेबांनी वजनकाट्यावर ठेवली. तीनदा. मग त्यांच्या छापील फॉर्मवर, पितळाचा दर्जा आणि बिजागरीची जाडी याखाली, त्यांनी नवी ओळ घातली: ‘परतीच्या पेटीत साखर, ४० ग्रॅम, कमी-जास्त पाचपर्यंत चालेल.’ आता साखर विसरलो तर माल नापास होईल. वसुंधरा म्हणाली, वजन करून का कोणी साखर घालतं? पण चेहरा खुलला होता.

निघताना साहेब पाटीसमोर थांबले. म्हणाले, वर्षाचा करार मे महिन्यात करू, दोघांच्या सह्यांनी. पाटीवर ब्रदर्स लिहिलं आहे, मला एकच दिसतो. हे दुरुस्त करा. एक तर पाटी, नाही तर माणूस.

करारासाठी ये असं मी म्हणत नाही. करार होईल, जाईल. पण तू गेल्यापासून कारखान्यात खरं बोलायची पाळी माझ्यावर येते आणि ते मला एकट्याला झेपत नाही. त्या दिवशी चूक माझी होती. मला तुझी फार आठवण येते. हे वाक्य मी दोनदा खोडलं होतं, तिसऱ्यांदा राहू देतो.

सोबत पार्सलनं सुनीताचा डबा पाठवला आहे. रिकामा पाठवायचा नाही, म्हणून आत साखर आहे. वसुंधराच्या मुठीची, न मोजलेली. साखरेच्या तळाशी तुझी किल्ली आहे. उचलायला मला साडेपाच महिने लागले.

पाडव्याला ये. गुढी तुझ्या हातानं उभारू.

दादा


इचलकरंजी, २८ मार्च १९९२

दादा,

तुझं पत्र आणि डबा, दोन्ही पोचलं. साखरेचा चहा झाला. सुनीता विचारते आहे की परत येताना त्यात काय भरून आणू.

पाडव्याला ये, असं लिहिलंस. नाही. इथल्या कामाची महिन्याची नोटीस आहे, ती पुरी केल्याशिवाय निघता येत नाही.

२९ एप्रिलला सकाळी पोचतो. किल्ली माझ्याकडे आहे, कोणाला लवकर उठवू नकोस.

विशू